लाडक्या शब्दांची झडती: आपल्याच मजकुरातले अतिवापराचे शब्द कसे शोधावेत आणि त्यांचे काय करावे

लिहिणाऱ्या प्रत्येकाचे काही शब्द ठरलेले असतात. कोणाचे पात्र दर दोन पानांनी सुस्कारा टाकते, कोणाचा प्रत्येक परिच्छेद ‘खरं तर’ने सुरू होतो, कोणाला ‘नितांत’ आणि ‘अथांग’ यांच्याशिवाय निसर्ग दिसत नाही. वाचकाला ते तिसऱ्या पानावर कळते, लिहिणाऱ्याला पुस्तक छापून आल्यावरही कळत नाही. आपले शब्द आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते मोजावे लागतात. आणि मराठीत मोजणी इंग्रजीइतकी सरळ नाही: शब्दाला प्रत्यय चिकटतात, सामान्यरूपात मूळ शब्दाचा चेहरा बदलतो, एकच शब्द दोन-तीन प्रकारे टंकित होतो. पुढची पद्धत कथा, ललित लेख, बातमी, अहवाल या सगळ्यांना चालते. तीन हजार शब्दांच्या मजकुराला पहिल्यांदा दोन-अडीच तास लागतील, सवय झाली की तास-सव्वा तास.

एक अट आधीच. हे काम पहिला खर्डा चालू असताना करायचे नाही. लिहिताना ‘हा शब्द मघाशी आला का’ असे बघत बसलात तर वाक्य अडते आणि शब्दही सुटत नाही. खर्डा पूर्ण करा, चार-आठ दिवस बाजूला ठेवा आणि मग मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत काढा. झडती त्या प्रतीची.

आधी मजकूर मोजण्याजोगा करा

मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, हे पाहा. छपाईसाठी कृतिदेवसारख्या किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. त्यात ‘मात्र’ शोधलेत तर काहीच सापडणार नाही. असा मजकूर आधी रूपांतरित करा आणि रूपांतरानंतर र्‍हस्व वेलांटी आणि रफार जागेवर आहेत का ते एकदा नजरेखालून घाला. बिघाड बहुधा याच दोन ठिकाणी होतो.

मग लेखन एकसारखे करा. एकाच मजकुरात ‘खूप’ आणि ‘खुप’, ‘आणि’ आणि ‘आणी’, ‘केले’ आणि ‘केलं’ असतील तर मोजणी विभागली जाते आणि बारा वेळा आलेला शब्द सहा-सहा दाखवतो. जुन्या वळणाने लिहिणाऱ्यांच्या मजकुरात ‘नांव’, ‘कांही’, ‘पांच’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वारही येतात, तेही पाहा. याहून फसवा प्रकार डोळ्यांना न दिसणारा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीची सवय म्हणजे ‘अ’वर चंद्र चढवणे. दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधले तर दुसरे सापडत नाही. तेच ‘वाऱ्याची’, ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ यांतल्या अर्ध्या ‘र’चे. काही कळफलक तो ‘ऱ’ वापरून काढतात, काही साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून. मजकूर अर्धा मोबाइलवर आणि अर्धा संगणकावर लिहिला असेल तर ही भेसळ असणारच. उपाय सोपा आहे: मजकुरातलाच एक नमुना कॉपी करा, शोधाच्या चौकटीत चिकटवा आणि सगळीकडे एकच रूप करून घ्या.

शब्दांची यादी काढणे

प्रोग्रॅमिंग येत नसले तरी अडत नाही. वर्डमध्ये प्रत उघडा. फाइंड अँड रिप्लेस वापरून पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, कंस, संयोगचिन्ह आणि अवतरणे एकेक करून काढा आणि प्रत्येकाच्या जागी एक मोकळी जागा टाका. अवतरणे उघडणारी आणि बंद होणारी अशी दोन्ही गेली ना ते पाहा, एखादे राहिले तर ‘“काय’ आणि ‘काय’ हे दोन शब्द धरले जातात. त्यानंतर शोधाच्या चौकटीत एक मोकळी जागा द्या आणि बदलाच्या चौकटीत, ‘मोअर’मधल्या ‘स्पेशल’ यादीतून ‘पॅराग्राफ मार्क’ निवडा. ‘रिप्लेस ऑल’ दाबले की प्रत्येक शब्द आपापल्या ओळीवर येतो.

हा सगळा खांब कॉपी करून एक्सेल किंवा गूगल शीट्सच्या पहिल्या स्तंभात चिकटवा. सर्वांत वर एक ओळ घालून ‘शब्द’ असे शीर्षक द्या. पिव्हट टेबल, म्हणजे कोणता शब्द किती वेळा आला ते मोजून देणारा तक्ता, करा: ओळींमध्ये (‘रोज’) ‘शब्द’, किमतीतही (‘व्हॅल्यूज’) ‘शब्द’, आणि हिशोब एक्सेलमध्ये ‘काउंट’चा, गूगल शीट्समध्ये ‘काउंटए’चा (COUNTA). रिकाम्या ओळींचा एक गट निघेल, तो सोडून द्या.

या यादीची क्रमवारी दोनदा लावायची. पहिल्यांदा संख्येने, उतरत्या क्रमाने. सुरुवातीला आणि, आहे, होता, तो, ती, हे, की, नाही, पण ही मंडळी असतात. ती सर्वांच्याच लेखनात वर असतात. पहिले तीसेक शब्द ओलांडून पुढे जा. खरा माल मधल्या पट्ट्यात असतो. तीन हजार शब्दांच्या कथेत चार ते पंधरा वेळा आलेले शब्द सावकाश वाचा. तिथे ‘क्षणभर’ नऊ वेळा किंवा ‘काहीसा’ सात वेळा सापडला की आपण कोण ते कळते.

दुसऱ्यांदा क्रमवारी वर्णानुक्रमे. मराठीसाठी ही अधिक मोलाची, कारण प्रत्यय लागलेली रूपे शेजारी येतात. प्रकार, प्रकारचा, प्रकारची, प्रकारे हे सुटे सुटे दोन-तीनदाच आलेले असतात. एकत्र धरले की अकरा होतात. अशा गटांची बेरीज कागदावर मांडा. काही शब्द मात्र वर्णानुक्रमालाही चकवतात. पाऊस आणि पावसात, देऊळ आणि देवळात दूर पडतात. जाणे-गेला, येणे-आला, करणे-केला, होणे-झाला ही तर वेगळीच रूपे. त्यांची बेरीज स्वतः करावी लागते.

ज्यांना प्रोग्रॅमिंग येते त्यांच्यासाठी एक इशारा. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधले ‘शब्दातले अक्षर’ हे चिन्ह काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्दांचे तुकडे पडतात आणि यादीत नुसती व्यंजने दिसू लागतात. मोकळ्या जागेवर तोडणे जास्त भरवशाचे.

यादीत न सापडणारे

सर्वांत चिकट सवय यादीत दिसतच नाही, कारण ती सुटा शब्द नसते. जोर देणारा ‘च’ घ्या. तोच, तसंच, आजच, इथेच, मुळातच, नक्कीच, साहजिकच. ‘च’ आणि लगेच मोकळी जागा असे मूळ मजकुरात शोधा, मग ‘च’ आणि पूर्णविराम, ‘च’ आणि स्वल्पविराम. पाच, उंच, खर्च हे खोटे सापळे वगळा. एका परिच्छेदात तीन ‘च’ असले की एकावरही जोर पडत नाही. प्रत्येक ‘च’ काढून वाक्य मोठ्याने वाचा. अर्थ बदलला तरच परत घाला. ‘तो आज येणार’ आणि ‘तो आजच येणार’ यांत फरक आहे. ‘ही गोष्ट मुळातच चुकीची आहे’ आणि ‘ही गोष्ट चुकीची आहे’ यांत तो शोधावा लागतो.

दुसरी सवय क्रियापदाच्या शेपटीची. ‘तो बोलू लागला’, ‘ती पाहू लागली’, ‘पाऊस पडू लागला’. ‘लागला’ सुरुवात दाखवतो. सुरुवात हीच घटना असेल तर तो हवा. ‘वर्षभराने मूल बोलू लागलं’ यात त्याला पर्याय नाही. पण ‘तो खिडकीबाहेर पाहू लागला’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘त्याने खिडकीबाहेर पाहिलं’ एवढाच असतो. ‘करून टाकलं’, ‘होऊन गेलं’, ‘देऊन बसला’ यांनाही हीच कसोटी.

तिसरी, ‘होता’ची रांग:

‘सकाळ झाली होती. अंगणात ऊन पडलं होतं. आजी तुळशीला पाणी घालत होती. घरात रेडिओ चालू होता.’

मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ही पुनरुक्ती थेट वाक्याच्या टोकावर वाजते. दोन वाक्ये जोडली आणि एकाचे क्रियापद गाळले की पुरते: ‘अंगणात ऊन आलं तेव्हा आजी तुळशीला पाणी घालत होती, घरात रेडिओ चालू.’ ‘सकाळ’ शब्दाची गरजही उरली नाही. ‘होता’ टाळायचा म्हणून प्रत्येक वाक्य ‘पडलेलं’, ‘बसलेला’, ‘उघडं टाकलेलं’ असे अर्धवट सोडण्याची नवी लकब मात्र लावून घेऊ नका. अलीकडच्या कथांत ती इतकी झाली आहे की जुना ‘होता’ परवडला.

चौथी, ‘एक’ आणि ‘आपला’. ‘ती एक शिक्षिका आहे’, ‘त्याने एक दीर्घ श्वास घेतला’, ‘तिने आपला हात आपल्या कपाळावर ठेवला’. मराठीला यांतले काहीच लागत नाही. ती शिक्षिका आहे. तिने कपाळावर हात ठेवला. दुसऱ्याच्या कपाळावर ठेवला असता तर सांगावे लागले असते. ‘एक’ दोनच ठिकाणी ठेवा: खरोखर संख्या असेल तिथे आणि नवा माणूस किंवा नवी वस्तू पहिल्यांदा गोष्टीत येते तिथे. शोधताना एकदा, एकूण, एकटा, एकत्र हेही सापडतील. म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा देऊन शोधा.

हे झाल्यावर कानाने तपासा. मोबाइलची मजकूर वाचून दाखवण्याची सोय मराठी वाचते. यंत्राला भाव येत नाही, त्यामुळे आपण स्वतः वाचताना चढ-उतारांत लपवतो ती पुनरुक्ती उघडी पडते. त्यातही शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवात करून उलटे या. गोष्टीच्या ओघात वाहून जायला होत नाही.

किती म्हणजे जास्त?

नुसत्या आकड्याने काही ठरत नाही. ‘आणि’ साठ वेळा आला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, ‘शुष्क’ दोनदा आला तरी येतो. म्हणून शब्दांची तीन गटांत वाटणी करा. पहिला, न दिसणारे: आणि, पण, म्हणाला, तो, गेला. यांचे अंतर पाहायचे नाही. दुसरा, दिसणारे: मात्र, अचानक, हळूच, बहुधा, काहीसा, प्रचंड, खूप. हजार शब्दांत दोनदा चालेल, एका परिच्छेदात दोनदा नाही. तिसरा, आवाज करणारे: नितांत, अथांग, तरळणे, गहिवर, काहूर, विलक्षण. तीन-चार हजार शब्दांच्या कथेत प्रत्येकी एकदा, आणि त्या एकदाचीही चौकशी करावी. ही अंदाजपट्टी आहे, कायदा नव्हे. विनोदी लेखनाला जास्त सैल, शोकलेखाला जास्त घट्ट.

हातवाऱ्यांचा गट वेगळा धरा: मान डोलावणे, आवंढा गिळणे, सुस्कारा, डोळे पाणावणे, कपाळावर आठ्या, ओठांच्या कोपऱ्यातले हसू. पात्राला काय वाटले हे ठरवले नसले की हात आपोआप इकडे जातो. पात्रवार मोजा, एकाच कथेत तिघेजण आवंढा गिळत असतील तर तो लेखकाचाच आहे.

सापडल्यावर काय करायचे

पहिला उपाय खोडणे. सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी हेच पुरते. ‘खरं तर’, ‘एक प्रकारे’, ‘कुठेतरी’, ‘अर्थातच’, ‘तसं पाहिलं तर’ खोडा आणि वाक्य वाचा. पोकळी जाणवली नाही तर पुढे चला.

दुसरा, वाक्य मोडून पुन्हा बांधणे. ‘मात्र’ जिथे आला तिथे आधीचे वाक्य आणि नंतरचे वाक्य यांत खरा विरोध आहे का पाहा. नसेल तर तो खोटा पूल आहे. असेल तर ‘मात्र’ला वाक्याच्या तोंडावरून उचलून ज्याच्यावर रोख आहे त्याच्यामागे ठेवा. ‘मात्र, ती उठली नाही’ ही वृत्तपत्री सवय; ‘ती मात्र उठली नाही’ यात इतर सगळे उठले हेही कळते. बातम्यांतल्या ‘दरम्यान’चेही असेच: दोन घटनांच्या मध्ये काही घडलेले नसताना नुसता परिच्छेद बदलायला तो वापरला जातो.

तिसरा उपाय सर्वांत कष्टाचा आणि खरा: शब्दाच्या जागी माहिती आणणे. अतिवापराचा शब्द बहुधा तिथे येतो जिथे लिहिणाऱ्याने पाहिलेले नसते. हा नमुना घ्या:

‘अचानक वाऱ्याची एक थंडगार झुळूक आली आणि तिला एकदम शहारल्यासारखं वाटलं. तिने हळूच आपली शाल आपल्या अंगाभोवती लपेटून घेतली. समोर अथांग समुद्र पसरलेला होता. लाटा जणू तिच्याशी काहीतरी बोलत होत्या. नकळत तिचे डोळे पाणावले. कुठेतरी आत खोलवर काहीतरी तुटल्यासारखं तिला जाणवलं.’

एकेचाळीस शब्द. दोन ‘सारखं’, दोन ‘काहीतरी’, दोन ‘आपली-आपल्या’, ‘वाटलं’ आणि ‘जाणवलं’, शिवाय अचानक, एकदम, हळूच, नकळत अशी चार क्रियाविशेषणे. नुसते खोडत गेलो तर फक्त शाल उरते. म्हणून समुद्राकडे पुन्हा पाहावे लागते:

‘वारा सुटला तशी तिने शाल लपेटून घेतली. भरती लागली. मघाशी तिने चपला काढून ठेवल्या त्या पायरीला आता पाणी टेकत होतं. चपला उचलून ती एक पायरी वर सरकली. घरी जायचं नाव नाही.’

एकतीस शब्द. डोळे पाणावले नाहीत, पण बाई किती वेळ बसली आहे आणि का उठत नाही हा प्रश्न वाचकाच्या मनात आला. आणि इथला ‘एक’ संख्येचा आहे.

बातमीतही हेच घडते. ‘ग्रामपंचायतीच्या माध्यमातून गावामध्ये मोठ्या प्रमाणावर वृक्षारोपण करण्यात आले. यावेळी ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ यातले ‘च्या माध्यमातून’, ‘मोठ्या प्रमाणावर’, ‘करण्यात आले’, ‘यावेळी’, ‘मोठ्या संख्येने’ काढले की उरते ‘ग्रामपंचायतीने झाडे लावली’. किती, कुठे, कोणती, हे बातमीदाराकडे नव्हते म्हणून शब्द भरले. फोन करून विचारले की वाक्य आपोआप बनते: ‘ग्रामपंचायतीने गावतळ्याच्या बांधावर करंज आणि जांभळाची २०० रोपे लावली, खड्डे खणायला साठेक माणसे आली होती.’ ‘करण्यात आले’चा आणखी एक तोटा म्हणजे कर्ता गायब होतो. सरकारी पत्रात तो मुद्दाम गायब केलेला असतो. तुमच्या लेखात तसे कारण आहे का?

इथे घसरायला होते

समानार्थी शब्द बदलीला घालणे ही सर्वांत सामान्य चूक. ‘म्हणाला’ वीस वेळा आला म्हणून उद्गारला, वदला, पुटपुटला, गरजला अशी माणसे भरती केली की संवाद नाटकी होतो. ‘म्हणाला’ न दिसणारा शब्द आहे, राहू द्या. बोलणारा कोण हे स्पष्ट असेल तिथे तोही गाळा. ‘सुंदर’च्या जागी ‘रमणीय’ घातल्याने दृश्य अधिक दिसत नाही. कोश चाळायचाच तर अर्थच्छटा पाहण्यासाठी चाळा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारलेली आवृत्ती १८५७ची. त्यात बोलीतल्या शब्दांच्या छटा बारकाईने दिल्या आहेत, पण तिथून उचललेला शब्द आजच्या पात्राच्या तोंडी घातला तर तो सोवळे नेसून आल्यासारखा दिसतो.

यादी काढताना चालले, पण खऱ्या मजकुरात शब्द बदलताना ‘रिप्लेस ऑल’ला हात लावू नका. ‘मात्र’च्या जागी ‘पण’ असा सरसकट बदल केलात की ‘औषधाची मात्रा’ ही ‘औषधाची पणा’ होते. प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून बदला.

सगळे झाल्यावर दुसऱ्यांदा मोजा. एक शब्द काढला की त्याचा भाऊ वाढतो: ‘मात्र’ घटला आणि ‘पण’ दुप्पट झाला, ‘अचानक’ गेला आणि ‘तेवढ्यात’ आला.

काही पुनरुक्ती जाणूनबुजून असते, ती ओळखून सोडा. ‘तुका म्हणे’ अभंगामागून अभंगात येते. ती नाममुद्रा आहे. पात्राची लकब म्हणून आलेला ‘काय समजलात’ त्याच पात्राच्या तोंडी राहू द्या, निवेदनात मात्र शिरू देऊ नका. आणि पाककृती, भाडेकरार, यंत्राची माहितीपुस्तिका अशा मजकुरात शब्द बदलणे हीच चूक. एका ओळीत ‘कणीक’ आणि पुढच्या ओळीत ‘पीठ’ लिहिले तर वाचक दोन डबे उघडेल. करारात ‘भाडेकरू’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘भाडेकरू’च.

स्वतःची यादी

झडतीत सापडलेले पंधरा-वीस शब्द एका कागदावर लिहा. त्यांच्यापुढे आकडा, गट आणि काय केले ते: खोडले, वाक्य मोडले, माहिती आणली. पुढचा मजकूर तयार झाला की पूर्ण पिव्हट टेबल करण्याआधी हे वीस शब्द शोधून पाहा. तीन-चार लेखांनंतर काही शब्द यादीतून गळतात आणि नवे येतात. गळलेले खोडून नव्यांना जागा द्या. यादी वीसच्या वर गेली की ती कोणी वापरत नाही.

दुसऱ्याच्या लेखनाचे संपादन करत असाल तर ही यादी त्याच्यावर लादायची नाही. तुम्हाला खुपणारा शब्द त्याच्या गावचा, त्याच्या घरचा असू शकतो. मजकुरात स्वतः बदल करण्याऐवजी शब्दाला अधोरेखा द्या आणि समासात पेन्सिलीने आकडा लिहा: ‘क्षणभर’, ९ वेळा, पाने २, ३, ३, ५… कोणते ठेवायचे ते लेखकाला ठरवू द्या. बहुतेक लेखक आकडा पाहून चार ठेवतात आणि पाच स्वतःच काढतात. एखादा सगळे नऊ ठेवतो. मग त्याला फोन करा.